जुनी मॉडिफाइड रेसगाडी पुन्हा उभी करायची तर

न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टनला आज जिथे दुकानांची रांग आणि पार्किंगचं मैदान आहे, तिथे 2002 सालापर्यंत शर्यतीचा ट्रॅक होता. 1990 पर्यंत मातीचा, मग डांबरी. मी या भागात राहायला आलो तोवर तो बंद पडला होता. पण शेजारच्या एका निवृत्त वेल्डर गृहस्थांच्या लाकडी शेडमध्ये, ताडपत्रीखाली, 1937 सालच्या शेव्हरोले कूपचा कापून ठेंगणा केलेला पत्रा आणि त्याखाली भलतंच रुंद, डावीकडे कललेलं काहीतरी उभं होतं. मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं काम बघत वाढलो. ती गाडी बघितली आणि हातानं बनवलेल्या वस्तूची ओळख पटायला वेळ लागला नाही. पुढची सहा वर्षं आम्ही दोघांनी दर शनिवार तिच्यावर काम केलं. त्यातून जे शिकलो ते अशीच जुनी गाडी हाती लागलेल्या, किंवा मुळापासून बांधू बघणाऱ्या, कुणासाठीही इथे लिहितोय.

मॉडिफाइड म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ईशान्येला भंगारात तीसच्या दशकातल्या फोर्ड आणि शेव्हरोले कूप कवडीमोलानं मिळत. पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, छप्पर कापून खाली आणलं, आत पाइपांचा पिंजरा बसवला, इंजिन तयार केलं आणि लंबगोल ट्रॅकवर पळवायला घेतल्या. नॅसकार या अमेरिकेत शर्यती भरवणाऱ्या संस्थेनं 15 फेब्रुवारी 1948 ला डेटोना बीचवर घेतलेली पहिली शर्यत याच गाड्यांची होती. ती रेड बायरननं जिंकली. आज टीव्हीवर दिसणारी मोठी मालिका त्यानंतर, 1949 मध्ये सुरू झाली. थोडक्यात, मॉडिफाइड ही थोरली बहीण.

गाडी कुठल्या काळातली, ते आधी ठरवा

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पन्नासच्या दशकातली गाडी असेल तर बहुधा फोर्डचं फ्लॅटहेड (सपाट डोक्याचं) व्ही-8, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले आठ सिलिंडर. ते इंजिन 1932 ते 1953 या काळात अमेरिकन गाड्यांत येत असे. 1955 ला शेव्हरोलेचं छोटं व्ही-8 आलं, तेव्हा 265 घन इंचांचं. 1957 ला ते 283 झालं, 1962 ला 327. साठच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या शेव्ही (शेव्हरोले) इंजिनांचा जमाना. फ्रेमसाठी अनेकांनी 1955 ते 57 च्या शेव्हरोले गाड्यांचे सांगाडे वापरले, आमचाही तोच आहे. सत्तरच्या दशकात तीसच्या दशकातले पत्रे मिळेनासे झाले आणि पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन अशा नव्या छोट्या गाड्यांचे पत्रे वर चढले. 1980 ला सिराक्यूजच्या मैलभर लांबीच्या मातीच्या ट्रॅकवर गॅरी बलोनं लिंकनच्या पत्र्याची, हवेच्या दाबानं जमिनीला चिकटणारी काळी गाडी आणून सगळ्यांना धुऊन काढलं. तसल्या गाडीवर लगोलग बंदी आली आणि नियमांची पुस्तकं जाड होत गेली.

अशी एक गाडी सहसा एकाच काळात राहिलेली नसते, ही यातली मेख. ती विकली गेली, नवा मालक आला, इंजिन बदललं, नाक बदललं, रंग बदलला. आमच्या गाडीवर निदान चार हंगामांच्या खुणा होत्या. कोणता हंगाम उभा करायचा ते शेवटी तुम्हीच ठरवायचं, पण पुरावे गोळा झाल्यावर. आधी ठरवून मग पुरावे शोधलेत, तर हवं तेच दिसायला लागतं.

पाना उचलण्याआधी

निदान दोन आठवडे गाडीला हात लावू नका. फक्त बघा आणि लिहा. प्रत्येक सांध्याचा फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. वेल्डिंगचे मणी जवळून बघा. वेल्डिंग करणाऱ्याच्या हाताची सवय त्यात उतरलेली असते, अक्षरासारखी. माझ्या शेजाऱ्यांनी आमच्या फ्रेमवर तीन वेगवेगळे हात ओळखले. त्यातला एक डावखुरा होता असं ते म्हणाले, आणि पुढे ते खरं निघालं. रिकामी भोकं मोजा. भोक उगाच पडत नाही. तिथे कधीतरी पट्टी, टाकी किंवा शॉक ॲब्सॉर्बर बसवायचा कान असणारच. अशा भोकांचा एक नकाशाच काढा. आमच्या नकाशावरून कळलं की इंजिन एकदा पाच इंच मागे सरकवलं होतं.

यानंतर रंग. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात मोठा पुरावा इथेच असतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

वाड्याच्या भिंतीवर चुन्याचे हात एकावर एक चढलेले असतात, तसे गाडीच्या पत्र्यावर रंगांचे. दाराच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कुणी नीट घासत नाही अशी जागा निवडा. 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवा आणि बोटाच्या पेरानं, अगदी हलक्या हातानं, रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ घासा. मधे जास्त, कडेला कमी. झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी कडी दिसू लागतात. आमच्या डाव्या दारावर बाहेरून आत अशी होती: मळकट पांढरा, फिकट निळा, त्याखाली एक पातळ लाल, मग करडा प्रायमर आणि मग मूळ पत्रा. त्या लाल थराचा उलगडा चार वर्षं होत नव्हता. दारावरच्या आकड्याच्या कडेला अशी दोन-तीन वर्तुळं घेतली की खालच्या जुन्या आकड्याची वळणंही सापडतात. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ छातीत जाते. मुखवटा लावा, ओलंच घासा, मळी पुसून पिशवीत बांधा.

उजवं दार आणि छप्पर मात्र आम्ही गमावलं. वाळूच्या फवाऱ्यानं फक्त फ्रेमचा मागचा भाग साफ करून द्या असं सांगून आम्ही एका दुकानात सामान दिलं होतं. त्यांनी सोबत ठेवलेलं दार आणि छप्परही चकचकीत पत्र्यापर्यंत नेलं. परत आणायला गेलो तेव्हा माझ्या शेजाऱ्यांनी त्या दारावरून नुसता हात फिरवला आणि न बोलता ट्रकमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून नियम असा: जे द्यायचं तेवढंच गाडीतून उतरवायचं, बाकी काही दुकानाच्या उंबऱ्याआत न्यायचंच नाही.

माणसं शोधा, आणि उशीर करू नका

ज्यांनी या गाड्या बांधल्या ते आता ऐंशी-नव्वदीत आहेत. पत्रा आणखी वीस वर्षं थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत. म्हणून हे काम यंत्रकामाच्या आधी, किंवा फार तर सोबत करा.

जुने साप्ताहिक कार्यक्रमपत्रक, ‘एरिया ऑटो रेसिंग न्यूज’सारख्या वृत्तपत्रांचे अंक, घराघरातले 8 मिलिमीटरचे फिल्मचे रिळ, फोटोंच्या मागे मारलेले फोटोग्राफरचे शिक्के, हे सगळं शोधायचं. गार्डन स्टेट व्हिंटेज स्टॉक कार क्लबसारखी मंडळी जुन्या गाड्या ट्रॅकवर आणतात. तिथे गेलात तर एका दुपारी जेवढं कळतं तेवढं घरी बसून महिनाभरात कळत नाही.

कुणाच्या घरी गेलात तर अल्बम उचलून आणू नका. स्कॅनर सोबत न्या, 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि फोटो तिथल्या तिथे परत अल्बमात लावून द्या. ‘ही गाडी आठवते का?’ असं विचारलंत तर आग्रहापायी माणूस हो म्हणतो. त्याऐवजी पिटमधला, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात त्या जागेतला, फोटो पुढे ठेवा आणि विचारा, ‘हा उकिडवा बसलेला कोण? त्याच्या हातात काय आहे?’ मग हाताची आठवण बोलायला लागते. त्या आठवणी तारखांपेक्षा पक्क्या असतात. एका आजींना आपल्या यजमानांनी कितवा क्रमांक मिळवला ते सांगता आलं नाही, पण सोमवारी पहाटे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कार्ब्युरेटर धुतला जायचा आणि त्या वासानं पोरं उठायची, हे त्यांनी सांगितलं. तेही लिहून ठेवलं आहे. गोष्ट कागदावर किंवा फोटोत दुसऱ्या ठिकाणी सापडेपर्यंत तिला ‘ऐकीव’ असा शेरा मारा.

मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या छोट्या गावचे दोघे चालक, जेरी कुक आणि रिची एव्हान्स, यांनी 1971 पासून 1985 पर्यंत नॅसकारचं राष्ट्रीय मॉडिफाइड अजिंक्यपद आपसातच वाटून घेतलं. कुकचे सहा, एव्हान्सचे नऊ. पंधरा वर्षं, एकच गाव! एव्हान्स ऑक्टोबर 1985 मध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सराव करताना मरण पावला. त्याच्या नारिंगी 61 नंबरच्या गाडीच्या कितीतरी प्रतिकृती आज फिरतात आणि लोक त्यांच्यावर मनापासून प्रेम करतात. पण तुमच्या शेडमधली गाडी एखाद्या कमी माहीत असलेल्या माणसाची असेल, तर तिला दुसऱ्याचा प्रसिद्ध रंग देऊ नका. तिच्या माणसाची आठवण सांगणारं दुसरं काही उरलेलं नाही.

सांगाडा

फ्रेम सपाट जमिनीवर चार स्टँडवर ठेवा आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घ्या, दोन्ही बाजूंनी. फरक आढळला की लगेच सरळ करायला धावू नका. या गाड्या फक्त डावीकडे वळतात, म्हणून इंजिन मुद्दाम डावीकडे सरकवलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या चाकांमधली लांबीही कधीकधी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. अपघातानं वाकलेलं आणि हेतूनं वाकडं बांधलेलं यातला फरक बघा: अपघाताच्या वाकात पत्र्याला सुरकुती असते, बांधलेल्यात नीट कापलेला सांधा.

पिंजऱ्याचे पाइप हा जिवाचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत तो पाण्याच्या पाइपांचा आहे. अल्ट्रासॉनिक मापकानं भिंतीची जाडी ठिकठिकाणी बघा. आतून गंज खाल्लेला असतो आणि बाहेरून रंग छान दिसतो. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर विषारी असतो. मुलामा आधी घासून काढा, हवा खेळती ठेवा. मूळ पिंजरा ठेवायचा की बदलायचा? माझं मत स्पष्ट आहे: गाडी फक्त उभी राहणार असेल तर ठेवा, ट्रॅकवर जाणार असेल तर नवा बसवा आणि जुना काढून भिंतीवर टांगा, कापून फेकू नका.

पुढच्या धुरीचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं ते खुंट), स्टिअरिंगचे हात आणि मागचे ॲक्सल यांची चुंबकीय भुकटीनं तडा-तपासणी करून घ्या. पुढे बहुतेक ठिकाणी फोर्डच्या व्हॅनची किंवा ट्रकची सरळ धुरी असते. मागे पट्ट्याची स्प्रिंग असेल तर पाटे सुटे करून प्रत्येक पाट्याची धार हातमोजा घालून चाचपा, तडा तिथून सुरू होतो. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या नळीनं धूळ उडवू नका.

मागचं क्विक-चेंज

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. टेड हॅलिब्रँडनं लोकप्रिय केलेल्या या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीत, इंजिनाकडून येणारा शाफ्ट मोठ्या गिअरच्या खालून सरळ मागे जातो. मागच्या झाकणाआड दोन साधे सरळ दात्यांचे गिअर असतात, ते फिरणं वर नेतात आणि वरचा शाफ्ट पुढे येऊन मुख्य गिअर फिरवतो. झाकणाचे थोडे नट काढले, तेल परातीत घेतलं, गिअरची जोडी बदलली, की काही मिनिटांत गाडीच्या गिअरचं गुणोत्तर बदलतं. आत 4.11 चा मुख्य गिअर आणि मागे 24 व 20 दात्यांची जोडी असेल तर एका बाजूनं बसवल्यास 4.11 गुणिले 1.2 म्हणजे सुमारे 4.93. तीच जोडी उलटी बसवली की सुमारे 3.43. छोटा ट्रॅक आणि मोठा ट्रॅक, एकाच जोडीत.

जुन्या हॅलिब्रँड क्विक-चेंजची ओतीव घरं, म्हणजे गिअरवरची कवचं, बहुधा मॅग्नेशियमची असतात. ओळखायला सोपं आहे: उचलली की अंदाजापेक्षा फारच हलकी लागतात आणि ओल लागली की पांढरी भुकटी धरतात. त्यावर ग्राइंडर चालवू नका. मॅग्नेशियमचा भुगा पेटतो आणि पेटला तर पाणी मारायचं नसतं, त्यासाठी धातूच्या आगीचा वेगळा सिलिंडर लागतो. तडे शोधायला लाल रंगद्रव्याची तपासणी करा. आमच्या घराला झाकणाच्या वरच्या बोल्टजवळ केसाएवढा तडा निघाला. रंगद्रव्य लावून पुसलं, वरून पांढरा फवारा मारला, आणि दहा मिनिटांत त्या पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटून आली. ते घर आता शेल्फवर आहे. गाडीत ॲल्युमिनियमचं नवं आहे.

इंजिन

इथे फार बोलत नाही, कारण चांगला इंजिन मिस्त्री सगळीकडे मिळतो. प्रदर्शनाच्या फेऱ्यांसाठी कॉम्प्रेशन बेतानं ठेवा. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा कॅम असेल तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल घाला आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं मिनिटाला 2000 ते 2500 फेऱ्यांवर ठेवा, मंद सोडू नका. त्याआधी, शेव्हीच्या छोट्या व्ही-8 मध्ये डिस्ट्रिब्युटर काढून खास दांड्यानं आणि ड्रिलनं तेलपंप फिरवा. मीटरचा काटा हलेपर्यंत आणि वर रॉकरला तेल ठिबकेपर्यंत. कोरडं इंजिन सुरू करणं म्हणजे सहा महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत घासून टाकणं.

पत्रा आणि आकडा

कापलेल्या पत्र्याची धार मूळची असेल तर तिला सरळ करू नका. घाईनं छिन्नीनं कापलेलं दिसलं तर दिसू द्या. पुट्टी कमी, ठोकपीट जास्त.

आकडा छापील स्टिकरचा लावू नका. तेव्हा हे आकडे साइनबोर्ड रंगवणारे ब्रशनं काढत. रीत आपल्याला अनोळखी नाही: कागदावर आकडा काढायचा, रेषेवर सुईनं जवळजवळ टोचायचं, कागद दारावर धरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. छाप्यातून रांगोळी जशी खाली उतरते तशी ठिपक्यांची रेष पत्र्यावर उतरते. मग लांब केसांच्या ब्रशनं, अक्षरलेखनाच्या एनॅमलनं, एका श्वासात एक वळण. आपल्याकडे ट्रकच्या मागे अक्षरं काढणाऱ्या पेंटरचं काम ज्यांनी बघितलंय त्यांना हा हात लगेच कळेल. आमचा छापा आम्ही डाव्या दारावरच्या जुन्या कडेवरूनच उतरवून घेतला होता, त्यामुळे सातच्या आकड्याची शेपटी थोडी जास्त वळलेली आहे. तशीच ती होती.

सेट-अप

मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलला घट्ट जोडलेली असतात, म्हणून वळणावर बाहेरचं चाक मोठं लागतं. आतलं चाक 60 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल आणि दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर बाहेरच्याची त्रिज्या 61.5 मीटर होते, म्हणजे अडीच टक्के जास्त. आतल्या टायरचा परिघ 84 इंच असेल तर बाहेरचा 86.1 हवा. टायरमध्ये चालवायची हवा भरून, मधोमध स्टीलची टेप गुंडाळून मोजा. हवा बदलली की परिघही बदलतो.

मग चार वजनकाटे, प्रत्येक चाकाखाली एक. समजा डावं पुढचं 640, उजवं पुढचं 560, डावं मागचं 760, उजवं मागचं 640. एकूण 2600 पौंड. उजवं पुढचं अधिक डावं मागचं म्हणजे 1320, साधारण 50.8 टक्के. डाव्या मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला की हा आकडा वाढतो आणि गाडी वळायला जड होते. सैल केला की मागचा भाग सुटायला लागतो. चालकाला खुर्चीत बसवूनच मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा.

ट्रॅकवर नेण्याआधी

चालकाचे सुरक्षा पट्टे नवे आणि तारखेतले, पेट्रोलसाठी आत रबरी पिशवी असलेली सुरक्षित टाकी, हाताशी अग्निशामक, आणि जुने टायर फक्त उभ्या गाडीला. आमच्याकडे एम ॲन्ड एच कंपनीचे चार मूळ टायर आहेत. रबर दगडासारखं झालंय, पण कडेची अक्षरं शाबूत आहेत. शेडमध्ये गाडी त्यांच्यावर उभी असते, ट्रॅकवर जाताना दुसरे चढतात. या फेऱ्या प्रदर्शनाच्या आहेत, कुणाच्या पुढे जायचं नाही.

गाडीपुढे छोटी पाटी ठेवा आणि तिच्यावर खरं लिहा: कुठले भाग मूळचे, कुठले नवे, काय ऐकीव. प्रतिकृती असेल तर प्रतिकृती म्हणा.

आणि पाटीशेजारी एक वही ठेवा, पेन दोरीनं बांधून. आम्ही डाव्या पुढच्या टायरवर ठेवतो. दुसऱ्या वर्षी त्यात एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या वडिलांनी ही गाडी अर्धा हंगाम पेनसिल्व्हेनियात चालवली होती, घरातल्या गोठ्यासाठी आणलेला लाल रंग लावून, कारण दुसऱ्या रंगाला पैसे नव्हते. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: वडील डाव्या हातानं वेल्डिंग करत. पुढच्या महिन्यात त्यांनी फोटोही पाठवला. लाल दार, पांढरा आकडा, शेजारी हात पुसत उभा असलेला तरुण माणूस.

गाडी आता निळीच आहे, कारण जास्त हंगाम ती निळी होती. पण डाव्या दाराच्या आतलं नाण्याएवढं वर्तुळ आम्ही बुजवलं नाही. त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात दिला आहे, आणि त्या बाई दरवर्षी आल्या की आधी दार उघडून तेच बघतात.